शाहू महाराजांचे दोन हुकूम : एक नोकरीचा, एक इज्जतीचा

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की परभणीच्या मैदानांवर पहाटेची गर्दी वाढते. कोणी फज्रची नमाज पढून येतं, कोणी शेतावरची कामं उरकून येतं. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे मीटर, मग शंभर मीटर आणि गोळाफेक. घरी गेल्यावर लेखी परीक्षेची पुस्तकं. त्या पुस्तकांत एक प्रश्न हमखास असतो : मागासवर्गीयांसाठी नोकरीत पन्नास टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम कोणी आणि कधी काढला? उत्तर सगळ्यांना पाठ असतं. राजर्षी शाहू महाराज, २६ जुलै १९०२.

याच महाराजांनी जानेवारी १९१९ मध्ये आणखी एक हुकूम काढला होता. तो मात्र फारसा कोणी विचारत नाही. पहिल्या हुकमाने नोकरीचं दार उघडलं. दुसऱ्याने सांगितलं की त्या दारातून आत आलेल्या माणसाला आत इज्जतीनं वागवलं गेलं पाहिजे. ज्या घरातला मुलगा किंवा मुलगी उद्या खाकी वर्दी घालणार आहे, त्या घराने हे दोन्ही हुकूम माहीत करून घ्यायला हवेत. म्हणून महाराजांच्या आयुष्याची ही गोष्ट.

कागलचे यशवंतराव

शाहू महाराजांचं मूळ नाव यशवंतराव. जन्म २६ जून १८७४ चा, कागलच्या घाटगे घराण्यातला. वडील जयसिंगराव उर्फ आबासाहेब, आई राधाबाई. कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी यांचा १८८३ मध्ये अहमदनगरच्या किल्ल्यात, इंग्रजांच्या ताब्यात असताना मृत्यू झाला. त्यांना मूलबाळ नव्हतं. राणी आनंदीबाईंनी १७ मार्च १८८४ रोजी यशवंतरावांना दत्तक घेतलं आणि दहा वर्षांचं ते पोर शाहू छत्रपती झालं.

शिक्षण आधी राजकोटच्या राजकुमार कॉलेजात, नंतर धारवाडला फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली झालं. १८९१ मध्ये बडोद्याच्या खानविलकर घराण्यातल्या लक्ष्मीबाईंशी लग्न झालं. २ एप्रिल १८९४ रोजी राज्याचा कारभार हाती आला तेव्हा महाराज वीस वर्षांचेही नव्हते. उंच, धिप्पाड शरीर, कुस्तीचा आणि शिकारीचा शौक, आणि माणसांत मिसळण्याची आवड.

कारभार हाती घेतल्यावर महाराजांनी दफ्तर पाहिलं. सर्वसाधारण प्रशासनात एकूण ७१ अधिकारी होते. त्यांतले ६० एकाच जातीचे, म्हणजे ब्राह्मण. बाकी सगळ्या समाजांना मिळून उरल्या ११ जागा. मराठे, मुसलमान, जैन, लिंगायत, महार, मांग, धनगर अशी सगळी रयत कर भरत होती आणि कचेरीत गेली की तिला आपला माणूस दिसत नव्हता. अर्ज कोणाकडे द्यायचा, कैफियत कोणाला सांगायची, आपलं म्हणणं खरं लिहून घेतलं जाईल का, ही भीती आज पोलीस ठाण्याची पायरी चढताना ज्यांना वाटते, त्यांना त्या वेळच्या रयतेची अवस्था वेगळी समजावून सांगायला नको.

महाराजांनी लायक माणसं शोधायला सुरुवात केली. भास्करराव जाधव या हुशार पदवीधर तरुणाला १८९५ मध्ये असिस्टंट सरसुभे नेमलं. पण अशी एकेक नेमणूक करून चित्र बदलणार नव्हतं. पुढे वेदोक्त प्रकरणात खुद्द छत्रपतींनाच धर्मविधीत कमी लेखलं गेलं. राजाची ही गत, तर गावकुसाबाहेरच्या माणसाचं काय होत असेल, हे महाराजांना त्या वेळी स्वतःच्या अनुभवातून कळलं.

२६ जुलै १९०२

सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहणासाठी महाराज १९०२ मध्ये इंग्लंडला गेले होते. तिथूनच हुकूम सुटला. संस्थानच्या नोकऱ्यांत यापुढे ज्या जागा रिकाम्या होतील, त्यांतल्या निम्म्या मागासलेल्या वर्गांतून भरायच्या. ज्या कचेरीत या वर्गांचं प्रमाण निम्म्यापेक्षा कमी आहे, तिथली पुढची नेमणूक त्यांच्यातूनच करायची. आणि प्रत्येक खातेप्रमुखाने दर तीन महिन्यांनी नेमणुकांचा अहवाल पाठवायचा.

यातली शेवटची अट महत्त्वाची आहे. हुकूम कागदावर राहतो तो अशा अटी नसल्या की. तिमाही हिशोब मागितल्यामुळे खातेप्रमुखाला उत्तर देणं भाग पडलं.

दुसरी गोष्ट आपल्यासाठी जास्त मोलाची आहे. मागासलेले कोण, हे महाराजांनी धर्मावरून ठरवलं नाही. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि अशाच पुढारलेल्या जाती सोडून बाकी सगळे मागासलेले, अशी व्याख्या केली. त्यामुळे मुसलमान त्यात आपोआप आले. आज बागवान, अत्तार, मोमीन, मन्सुरी, मणियार, तांबोळी अशा कितीतरी मुस्लिम बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. त्या यादीमागचा विचार हाच आहे : मदत मागासलेपणाला, धर्माला नाही.

या धोरणाविरुद्ध वर्तमानपत्रांतून मोठा आरडाओरडा झाला. लायकी बुडाली, कारभार बुडाला, असं लिहिलं गेलं. महाराज मागे हटले नाहीत. १९१२ पर्यंत त्याच प्रशासनात ९५ अधिकारी होते आणि त्यांत ब्राह्मण ३५ होते. कोणाला हाकलून न देता, रिकाम्या होणाऱ्या आणि नव्या जागांतून हा बदल झाला.

राहायचं कुठे, जेवायचं कुठे

जागा राखून ठेवल्या तरी त्यांवर बसायला शिकलेला माणूस हवा. खेड्यातून कोल्हापुरात शिकायला आलेल्या गरीब मुलाला खोली कोण देणार आणि दोन वेळचं जेवण कुठून येणार? म्हणून महाराजांनी वसतिगृहं काढली. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं, पाठोपाठ जैन, लिंगायत आणि इतर समाजांची. १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग उभं राहिलं.

मुस्लिम समाजात तालीमची गोडी तेव्हा कमीच होती. महाराजांनी आधी काही मुस्लिम मुलांना मराठा बोर्डिंगमध्येच ठेवून घेतलं. मग १९०६ मध्ये कोल्हापुरातल्या जाणत्या मुसलमानांना बोलावून बैठक घेतली. मोहामेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १५ नोव्हेंबर १९०६ रोजी मुस्लिम बोर्डिंग सुरू झालं. युसूफ अब्दुल्ला हे सोसायटीचे सेक्रेटरी झाले. अध्यक्षपद महाराजांनी स्वतःकडे घेतलं. बाकी समाजांच्या बोर्डिंगला पुढारी मिळत होते, इथे राजा स्वतः पुढे उभा राहिला. जमीन दिली, इमारतीसाठी पैसा दिला, आणि संस्थानातल्या काही दर्ग्यांचं उत्पन्न मुलांच्या शिक्षणाकडे वळवलं. कोल्हापूरच्या दसरा चौकात हे बोर्डिंग आजही आहे.

कुरआन शरीफचा मराठीत तर्जुमा व्हावा म्हणून महाराजांनी पंचवीस हजार रुपये मंजूर केले होते. त्या काळात ही फार मोठी रक्कम होती. ज्या मुसलमानांची घरची भाषा मराठी आहे त्यांना आपला दीन आपल्या भाषेत समजावा, हा विचार त्यामागे होता.

जातवार बोर्डिंग काढल्याने जातीच घट्ट होतील, अशी टीका तेव्हाही झाली आणि अधूनमधून आजही होते. पण महाराजांची एकूण आखणी पाहिली की उत्तर सापडतं. राहणं-जेवणं आपापल्या बोर्डिंगमध्ये होतं, शाळा मात्र सगळ्यांची एकच. अस्पृश्यांसाठी ज्या वेगळ्या शाळा होत्या त्या १९१९ मध्ये त्यांनी बंद केल्या आणि त्या मुलांना सर्वांच्या शाळेत बसवलं. बोर्डिंग हा आधार होता. त्या आधारावर उभं राहून मुलाने सगळ्यांमध्ये मिसळायचं होतं.

हजेरी देणारे पहाऱ्यावर आले

पोलिसांशी थेट जोडलेली गोष्ट हजेरीची आहे. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि काही जमातींवर जन्मतःच चोर असल्याचा शिक्का मारला. पुढे देशात अनेक ठिकाणी हेच चाललं. अशा जमातींच्या माणसांनी चावडीवर जाऊन रोज हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. कोल्हापूर संस्थानातही हजेरीची पद्धत होती. महाराजांनी १९१८ मध्ये ती बंद केली.

ते तिथेच थांबले नाहीत. फासेपारध्यांना त्यांनी वस्तीसाठी जागा दिली आणि त्यांच्यातल्या माणसांना पहारेकरी नेमलं. ज्याच्यावर पोलीस नजर ठेवत होते, त्याच्याच हाती राजाने आपली राखण सोपवली. विश्वास टाकल्याशिवाय विश्वास मिळत नाही, हे राज्यकर्त्यांपैकी फार थोड्यांना कळतं.

आपल्याकडे विमुक्त जातींच्या यादीत छप्परबंद ही मुस्लिम बिरादरी आहे. तो इंग्रजी कायदा स्वतंत्र भारतात १९५२ मध्ये रद्द झाला, शिक्का मात्र अजून पुरता पुसलेला नाही. पारधी वस्तीतल्या किंवा छप्परबंद घरातल्या मुलाला भरतीच्या कागदपत्रांसाठी किती खेटे घालावे लागतात, हे ज्याचं त्याला ठाऊक असतं.

त्याच १९१८ मध्ये महाराजांनी महार वतन रद्द केलं. गावची राखण, चोराचा माग काढणं, सरकारी खजिना आणि टपाल पोचवणं, ही सगळी पोलिसी कामं महार समाज पिढ्यानपिढ्या करत होता. मोबदला म्हणून वतनाचा जमिनीचा तुकडा आणि बलुतं. पगार नाही, मान नाही आणि सुटकाही नाही. महाराजांनी वतनाच्या जमिनी त्या माणसांच्या नावे रयतावा करून दिल्या आणि वेठ संपवली. महारांना तलाठी म्हणून नेमायलाही त्यांनी सुरुवात केली. पाटलांना कामकाज शिकवण्यासाठी पाटील शाळा काढली. वंशाने मिळालेल्या कामाच्या जागी शिकून मिळवलेलं आणि पगार असलेलं काम आलं पाहिजे, ही त्यांची दिशा होती.

१९१९ चा हुकूम

आता त्या दुसऱ्या हुकमाकडे येऊ. १९१९ पर्यंत अस्पृश्य समाजातली काही माणसं संस्थानच्या नोकरीत आली होती. नोकरी मिळाली, पण कचेरीत जाच सुरू झाला. पाण्याचा माठ वेगळा, बसायची जागा वेगळी, वरिष्ठांची भाषा अपमानाची. असं झालं की माणूस एक तर नोकरी सोडतो, नाहीतर खाली मान घालून दिवस काढतो. दोन्हीमध्ये राखीव जागेचा अर्थ संपतो.

महाराजांनी जानेवारी १९१९ मध्ये खात्यांना बजावलं. नोकरीत आलेल्या या लोकांना अधिकाऱ्यांनी आपुलकीनं आणि बरोबरीच्या नात्यानं वागवायचं. ज्याला हे जमणार नसेल त्याने हुकूम मिळाल्यापासून सहा आठवड्यांत राजीनामा द्यावा, आणि अशा माणसाला पेन्शन मिळणार नाही.

या हुकमात गोड उपदेश नाही. मुदत आहे आणि शिक्षाही आहे. सरकारी नोकराला पेन्शन किती प्यारी असते, हे महाराज चांगलं ओळखून होते.

वागणुकीची ही बाब ते किती मनावर घेत, ते गंगाराम कांबळे यांच्या गोष्टीतून दिसतं. गंगाराम महाराजांच्या पागेत घोड्यांच्या चाकरीला होते. तिथल्या मराठा नोकरांच्या पाण्याच्या हौदाला शिवल्याचा ठपका ठेवून त्यांना बेदम मारहाण झाली. महाराज त्या वेळी बाहेरगावी होते. परत आल्यावर गंगारामांनी सोनतळी कॅम्पवर जाऊन पाठीवरचे वळ दाखवले. महाराजांनी मारणाऱ्यांना कडक शिक्षा केली. ते त्यांच्याच जातीचे होते, म्हणून सूट दिली नाही. मग गंगारामांना स्वतःचा धंदा काढायला मदत केली. गंगारामांनी कोल्हापुरात भाऊसिंगजी रोडला चहाचं हॉटेल टाकलं. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला गिऱ्हाईक येईना. तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा घेऊ लागले, आणि सोबत असलेल्या बड्या मंडळींनाही पाजू लागले. हळूहळू गावाची सवय बदलली.

मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत महाराजांनी तरुण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची ओळख समाजाचे खरे पुढारी म्हणून करून दिली. ६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराजांचं निधन झालं. वय पन्नासही नव्हतं. पुढे कोल्हापूरच्या नर्सरी बागेत दलित समाजाने त्यांचं पहिलं स्मारक उभं केलं. त्या कामात पुढे होते तेच चहावाले गंगाराम.

आपल्या परभणीचा हिशोब

कोल्हापुरात हे घडत होतं तेव्हा परभणी निजामाच्या हैदराबाद राज्यात होती. तिथलं चित्र उलट होतं. बहुसंख्य रयत हिंदू होती आणि वरच्या हुद्द्यांवर, पोलिसातही, मुसलमानांचं प्रमाण त्यांच्या संख्येच्या मानाने खूप जास्त होतं. कारभाराची भाषा उर्दू. मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलाला कचेरी परकी वाटायची. कोल्हापूरच्या रयतेला जे ७१ पैकी ६० अधिकाऱ्यांमुळे वाटत होतं, तेच इथल्या रयतेला वेगळ्या कारणाने वाटत होतं. हे आपण प्रामाणिकपणे मान्य केलं पाहिजे.

मग सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शन झाली आणि पारडं एकदम दुसऱ्या बाजूला गेलं. अनेक मुस्लिम नोकरदारांच्या नोकऱ्या गेल्या, घरं उघडी पडली. सरकारी नोकरी आपली नाही, हा समज मराठवाड्यातल्या कितीतरी मुस्लिम घरांत तेव्हापासून बसला. आजोबांनी वडिलांना सांगितलं, वडिलांनी मुलाला. गॅरेज टाक, फळांचा गाडा लाव, ट्रकवर जा, पण भरतीच्या नादी लागू नको.

या समजाची किंमत परभणीने मोजली आहे. केंद्र सरकारने देशातले अल्पसंख्याकबहुल आणि मागे राहिलेले ९० जिल्हे निवडले, त्यांत महाराष्ट्रातले चार होते : परभणी, हिंगोली, वाशिम आणि बुलढाणा. हिंगोली तर १९९९ पर्यंत परभणीचाच भाग. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने पोलिसात मुसलमान किती कमी आहेत हे आकड्यांनी दाखवलं आणि मुस्लिम वस्तीच्या ठाण्यांत निदान एक मुस्लिम अधिकारी असावा असं सुचवलं.

पोलीस आणि समाज यांच्यातल्या अविश्वासाच्या जखमाही या जिल्ह्याला आहेत. परभणीच्या एका मुस्लिम इंजिनिअर तरुणाचं २००३ मधलं मुंबईतलं कोठडी प्रकरण इथली घरं विसरलेली नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये रेल्वे स्टेशनसमोर डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याजवळच्या संविधानाच्या प्रतिकृतीची नासधूस झाली, शहर पेटलं, आणि धरपकडीनंतर कायद्याचं शिक्षण घेणाऱ्या एका तरुणाचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. अशा वेळी ठाण्यात वेगवेगळ्या समाजांतून आलेली माणसं असणं कामाला येतं. वस्ती ओळखणारा, भाषा जाणणारा एक हवालदार अफवा वेळेत थांबवू शकतो, आणि एखाद्या निरपराध पोराच्या बाजूने साहेबांपुढे दोन शब्द बोलू शकतो.

भरती झाल्यावर पुढे काय

राज्याच्या अल्पसंख्याक विकास विभागाने मुस्लिम, बौद्ध, ख्रिश्चन, शीख, जैन, पारशी तरुणांसाठी पोलीस भरतीपूर्व प्रशिक्षणाची योजना चालवली. ती १९०२ च्या वाटेवरची आहे. १९१९ च्या वाटेवर मात्र आपण अजून फार पुढे गेलेलो नाही.

पोलीस शिपायाला इतर कर्मचाऱ्यांसारखी युनियन करता येत नाही. १९६६ च्या केंद्रीय कायद्याने त्यावर बंधन आहे. त्याला आधार आहे तो कल्याण निधीचा, कुटुंब आरोग्य योजनेचा आणि साहेबांच्या दरबाराचा, जिथे शिपाई उभा राहून आपली अडचण मांडतो. महिला पोलिसांच्या लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समितीची तरतूद आहे. पण नावावरून, दाढीवरून, वस्तीवरून मारलेल्या टोमण्यांचं काय? राज्य राखीव दलातल्या एका मुस्लिम जवानाला दाढीच्या प्रश्नावरून निलंबित व्हावं लागलं आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. अशा प्रश्नांवर खात्यातच, वेळेवर, बसून बोलण्याची जागा असती तर ते न्यायालयापर्यंत जाण्याची वेळ कमी वेळा आली असती.

लंडनच्या पोलिसात कृष्णवर्णीय पोलिसांनी १९९४ मध्ये आपली संघटना उभी केली. पुढे तिथे मुस्लिम पोलिसांचीही झाली. त्याने दल फुटेल अशी भीती तिथेही घातली गेली होती. ही भीती महाराजांच्या बोर्डिंगवर झालेल्या टीकेसारखीच आहे आणि उत्तरही तेच आहे. आधार वेगळा असू शकतो, काम सगळ्यांचं एकच. ठाण्यात तर ते रोज चालूच असतं. सय्यद शाह तुराबुल हक यांच्या उरुसात हिंदू शिपाई बंदोबस्ताला उभा असतो, गणपती विसर्जनाला मुस्लिम शिपाई. रमजानमध्ये इफ्तारच्या वेळी कोणीतरी सहकारी दहा मिनिटं पॉइंट सांभाळतो, दिवाळीला त्याची परतफेड होते. ज्या ठाण्यात हे घडतं तिथे कोणाच्या हुकमाची गरज पडत नाही. जिथे घडत नाही, तिथे वरच्या साहेबाने १९१९ आठवावं.

सगळं सरकारवर टाकून भागणार नाही. कोल्हापुरात महाराजांनी जमीन दिली, पण बोर्डिंग चालवलं ते तिथल्या मुसलमानांनी. परभणी, पाथरी, जिंतूर, गंगाखेड, मानवत, पूर्णा इथल्या मोहल्ल्यांत निवृत्त हवालदार आहेत, शिक्षक आहेत, वकील आहेत. भरतीची तयारी करणाऱ्या मुला-मुलींना अभ्यासाला एक खोली, वेळेत काढलेला जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर, आणि नोकरी लागल्यावर पहिल्या वर्षी फोन करून बोलता येईल असा एक अनुभवी माणूस, एवढं तर जमातीला आपसांत करता येईल. नवी पोस्टिंग, परकं गाव, रात्रपाळी आणि वरिष्ठांचा राग, या सगळ्यात ते पोर एकटं पडतं ते याच वर्षात. त्या वर्षी त्याच्या पाठीशी कोण आहे, यावर ते टिकणार की परत येणार हे बरंचसं ठरतं.

२६ जून हा महाराजांचा जन्मदिवस राज्यात सामाजिक न्याय दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी १९०२ चा हुकूम सगळीकडे आठवला जाईल. आपल्या मोहल्ल्यात कार्यक्रम असेल तर १९१९ चाही वाचून दाखवा, आणि वर्दीत असलेल्या आपल्या मुलांना, त्यांच्या सगळ्या जातधर्मांच्या सहकाऱ्यांसह, तो ऐकायला बोलवा.